हिमनदीची ओटी

स्नेहलताकाकूंबरोबर जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या बाजारात जायचं असेल तर त्या दिवशीची बाकीची कामं आधीच रद्द करावीत. गावातली निम्मी तरणी मंडळी लहानपणी काकूंकडून नाक पुसून घेऊन मोठी झालेली आहेत. निवृत्त होईपर्यंत त्या इथल्या एका किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, होत्या. पोरांना ‘स्नेहलता’ म्हणता येईना, म्हणून त्या ‘फ्राऊ लाटा’, म्हणजे लाटाबाई, झाल्या आणि तशाच राहिल्या. मध्यंतरी सुपरमार्केटात एक धिप्पाड गडी, दोन्ही दंड गोंदवलेले, "फ्राऊ लाटा!" असं ओरडत आला. काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि काही न बोलता त्याच्या बुटाकडे बोट दाखवलं. गडी दुधाच्या कपाटासमोर उकिडवा बसून मुकाट्यानं नाडी बांधायला लागला. मी हसू दाबत बाजूला झाले, तर काकूंचं बोट माझ्या जॅकेटच्या उघड्या चेनकडे वळलं. मी ऊर्मिला, वय सत्तेचाळीस, इथल्या मोटारींच्या कारखान्यात सॉफ्टवेअरच्या एका टीमची प्रमुख, आणि टीममधले लोक मला घाबरतात. मी चेन लावली.

काकू मूळच्या वाईच्या, कृष्णेच्या घाटाजवळ वाढलेल्या. शशिधरकाका इथे कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि लग्न होऊन त्यांच्यामागोमाग काकू आल्या. त्या काळी या गावात मराठी बोलायला भिंतीच काय त्या होत्या, असं त्या सांगतात. एकच मुलगा, अनिमेष, तो ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात. काकूंना व्यसन म्हणाल तर एकच, शिकण्याचं. फोल्क्सहोखशूल म्हणून इथे गावोगावी मोठ्या माणसांची संध्याकाळची शाळा असते. काकूंनी तिथे स्पॅनिश केलं, मातीकाम केलं, रानातली अळंबी ओळखण्याचा वर्ग केला, आणि एक्सेल तर आवडलं म्हणून दोनदा केलं. वर्ग संपला की प्रशस्तिपत्रक मिळतं. ती सगळी त्यांनी चौकटीत घालून संडासात टांगली आहेत. "पाहुण्यांना निवांत वाचायला तिथेच वेळ मिळतो," असं त्यांचं म्हणणं.

आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू चर्चच्या हॉलमध्ये होतं आणि ते काकूंच्या जिवावर होतं. हॉल मिळवायचा, वाण ठरवायचं, तिळाच्या वड्या थापायच्या, शेवटी फरशी पुसून किल्ली पाद्रीबाईंच्या हातात द्यायची, सगळं काकू. शशिधरकाका गेले त्यानंतरच्या संक्रांतीलाही त्या नेहमीसारख्या करंडा घेऊन उभ्या राहिल्या. आम्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण कुणाच्या तरी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. काकूंचं बोट कपाळाजवळ आलं तशी त्यांनी मान जराशी मागे घेतली. बोलल्या काहीच नाहीत, उलट हसल्या. काकूही हसल्या. करंडा शेजारच्या मुलीच्या हातात दिला, "वड्या बघते हं" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हापासून दर संक्रांतीला काकू स्वयंपाकघरातच.

मी त्यांच्याशी भांडले. भांडणं मला सोपं जातं.

"अगं, मला कुणी अडवलंय का?" काकू म्हणाल्या. "नाही ना? पण एखादीच्या मनात किंतू आला तर तिचा सण बिघडतो. आपण बाजूला राहिलं की प्रश्न मिटला."

प्रश्न मिटला वगैरे काही नव्हता. तो दर जानेवारीत स्वयंपाकघरात जाऊन वड्या थापत बसायचा, आणि बाहेर आम्ही नटूनथटून एकमेकींना कुंकू लावत असायचो. मला त्या वड्या गोड लागत नसत.

आता थोडं माझं सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. माझा नवरा मयुरेश नोकरीसाठी दूर दक्षिणेत गेर्लिंगेनला गेला, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं. तो परत येणार नाही, हे फक्त मला माहीत होतं. भांडण नाही, तंटा नाही. टेबलावर विसरलेल्या चहासारखा आमचा संसार आपला गार होत गेला. इथल्या कायद्यानं घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, ते झालं, आणि गेल्या मार्चमध्ये कोर्टाचा निकालही आला. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मंडळातल्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या असत्या, आणि हळू आवाजात बोलणाऱ्या माणसांनी माझं डोकं फिरतं. मंगळसूत्र तेवढं वर्षातून एकदा, हळदीकुंकवाच्या दिवशी, कपाटातून बाहेर निघे.

काकूंना न सांगण्याचं कारण मात्र निराळं होतं. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे दोन रिकामे डबे घेऊन जाई आणि दोन भरलेले घेऊन येई. एक माझा, एक मयुरेशचा.

"आलाय ना गं तो?" काकू विचारत.

"झोपलाय अजून."

"झोपू दे बिचाऱ्याला. एवढ्या लांबून यायचं म्हणजे!"

मयुरेशला कारली आवडतात. त्यासाठी काकू हॅनोव्हरच्या आशियाई दुकानातून कारली आणत, मीठ चोळून पिळत, चिंचगूळ घालून भाजी करत. मला कारलं डोळ्यांसमोर नको असतं. पण काकूंच्या हातचं अन्न टाकायचं म्हणजे हात झडायचे. सोमवारी आणि मंगळवारी मी ती भाजी नाक दाबून संपवत असे. एकदा खोटं बोललं की त्याला जेवायलाही घालावं लागतं, एवढं मी त्यातून शिकले. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मयुरेशचा डबा बंद झाला की काकूंच्या रविवारातलं अर्धं काम जाणार, आणि काकांच्या मागे त्यांच्याकडे काम एवढंच तर उरलं होतं.

अशा त्या रविवारांपैकी एका रविवारी काकू डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "ऊर्मिला, तुझा बिल्डुंग्सउरलाउब वाया चाललाय."

नोकरदारांना इथे वर्षाला पाच दिवस पगारी रजा निव्वळ काही शिकण्यासाठी मिळते, तिचं हे नाव. मी ती आजवर एकदाही घेतली नव्हती.

"मला शिकायचं नाहीये, काकू. मला झोपायचंय."

"आल्झो, मग बसमध्ये झोप. आइसलँडला जायचंय. आधी इथे संध्याकाळचे वर्ग, मग आठवडाभर सहल. ज्वालामुखी आणि हिमनद्या. माझ्या दोघींच्या खोलीतली अर्धी रिकामी आहे."

"अर्धी खोली?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. ती तुझी."

सहल या प्रकाराचा मला तिटकारा आहे. पण काकूंना नाही म्हणायला माणूस किटात न गेलेला असावा लागतो, आणि मीही एका अर्थी त्यांच्या किटातलीच. फॉर्म त्यांनी आधीच भरून ठेवला होता. माझी फक्त सही राहिली होती.

वर्ग घेणाऱ्या आणि सहलीला नेणाऱ्या बाई एकच होत्या, फ्राऊ लिंडेमान. साठीच्या, उंच, काटक, भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या हसत नसत, पण दगडाबद्दल बोलायला लागल्या की त्यांचा चेहरा नातवाबद्दल बोलणाऱ्या आजीसारखा होई. काकू पहिल्या बाकावर. मी शेवटच्या, डुलक्या घेत. एका संध्याकाळी त्यांनी एकाच हिमनदीचे फोटो पडद्यावर दाखवले, जुने आणि नवे, एकाच जागेवरून काढलेले. सोल्हेमायोकुल तिचं नाव. पहिल्या फोटोत बर्फ पार पुढे आलेला. मग मागे. मग आणखी मागे, आणि जिथे बर्फ होता तिथे राखाडी पाण्याचं तळं. तिथल्या शाळेतली मुलं दरवर्षी येऊन बर्फ किती मागे सरला ते मोजतात, असं फ्राऊ लिंडेमान म्हणाल्या. वर्गात कुणीतरी आकडे विचारले. काकूंनी काहीच विचारलं नाही, आणि काकूंनी काही न विचारणं म्हणजे काळजीचं लक्षण.

घरी सोडताना गाडीत त्या म्हणाल्या, "चालली की गं ती."

"कोण?"

"ती. हिमनदी. वाईला आम्ही कृष्णाबाईची ओटी भरायचो. नदी म्हणजे घरचीच बाई. आणि जाणाऱ्या बाईला कुणी रिकाम्या ओटीनं पाठवतं का? हिला कुणी काही दिलं नसणार. नुसतं मोजतायत."

"काकू, तो बर्फ आहे."

"नदीच ती. गोठली म्हणून काय नातं तुटलं?"

मी हसले आणि विसरून गेले. काकू विसरल्या नाहीत. जूनमध्ये विमानतळावर त्यांची हातातली बॅग यंत्रातून गेली आणि तिथला पोरगेला अधिकारी पडद्याकडे बघतच राहिला. बॅग उघडली. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला शेंडीसकट नारळ, खणाचा तुकडा, तांदळाची पुरचुंडी, हळकुंड, सुपारी.

"हे कशासाठी?" त्यानं नारळ हातात तोलत विचारलं.

"हिमनदीसाठी," काकूंनी चोख जर्मनमध्ये सांगितलं, "ती चाललीय ना, म्हणून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यानं नारळ पुन्हा मोज्यात घातला, आणि मोजा नीट वर ओढला. हाही पूर्वी कुठल्यातरी किटात गेलेला असणार.

आइसलँडबद्दल मी फार लिहिणार नाही, फोटो सगळीकडे मिळतात. जमिनीतून वाफ निघते, अंड्यासारखा वास येतो, झाडं नाहीत, वारा मात्र माणसाला उचलून बाजूला ठेवतो. आमच्या बसमध्ये पंधरा जर्मन माणसं, बहुतेक निवृत्त, आपापली सँडविचं आपापल्या डब्यात घेऊन गप्प बसलेली. काकूंनी दुसऱ्याच दिवशी भडंगाची पिशवी फोडली आणि ती बसच्या पुढच्या सीटपासून मागच्यापर्यंत फिरवली. तिसऱ्या दिवशी एका माजी न्यायाधीशांनी पिशवी कुठे आहे अशी चौकशी केली. चौथ्या दिवशी सगळ्यांना एकमेकांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं माहीत झाली होती. फ्राऊ लिंडेमान मात्र माइकवरून, तोंडात भडंग असतानाही, थर आणि भेगा सोडायला तयार नव्हत्या.

त्यांचा एक नियम होता: निसर्गातून काही न्यायचं नाही, निसर्गात काही ठेवायचं नाही. काकूंनी अनिमेषसाठी लाव्ह्याचा एक लहानसा काळा खडा उचलला, तर फ्राऊ लिंडेमान मागे उभ्याच. त्या बोलल्या नाहीत, नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं. काकूंनी खडा होता तिथे ठेवला. मला तो क्षण फार आवडला. इतक्या वर्षांनी काकूंना कुणीतरी त्यांच्याच औषधाची चव दिली होती.

सोल्हेमायोकुलला जायच्या दिवशी काकू न्याहारीला आल्या त्या लोकरी टोपीखाली मोत्यांच्या कुड्या घालून. लाल रेनकोट, चिखलाचे बूट आणि कुड्या. टेबलावर त्यांनी एक कापडी पिशवी माझ्यापुढे सरकवली.

"हे तुझ्याकडे ठेव. तिथे गेलं की भरायची तू."

"मी?"

"मग कोण? मी कशी भरणार? सवाष्णीचे हात हवेत. सामान माझं, हात तुझे. म्हणून तर तुला आणलं गं, एरवी तू काय सहलीला येणारी!"

मी हातातला टोस्ट बशीत परत ठेवला. म्हणजे ती अर्धी खोली, तो आधीच भरलेला फॉर्म, ते सगळं यासाठी होतं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. शेजारी काकू काच पुसून पुसून बाहेर बघत होत्या.

मी मनात हजार हिशोब केले. कुणाला कळणार होतं? हिमनदी काही माझ्याकडे लग्नाचा दाखला मागणार नव्हती. नारळ टेकवायचा, दोन तांदूळ वाहायचे, काकू खूश. या असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण काकूंचा होता. एका परक्या बाईच्या मनातल्या किंतूसाठी ज्या बाईनं स्वतःचा सण सोडून दिला, तिच्या ओटीत मी खोटे हात घालायचे? कारली खाऊन निभावलं होतं ते वेगळं, हे तसं निभणार नव्हतं. आणि खरं सांगितलं तर? एवढ्या लांब येऊन, मोज्यात नारळ आणून, ओटी रिकामी राहणार. बस थांबली तेव्हाही माझं काही ठरलेलं नव्हतं.

हिमनदी पांढरीशुभ्र असेल असं वाटलं होतं. ती काळपट होती, ज्वालामुखीच्या राखेनं माखलेली, मध्येमध्ये निळ्या भेगा पडलेल्या. पुढ्यात तळं, तळ्यात बर्फाचे सुटलेले तुकडे. बाकीची मंडळी फ्राऊ लिंडेमान यांच्यामागून पुढच्या टेकाडावर गेली. काकू काठाशी थांबल्या. एक मोठासा बर्फाचा तुकडा काठाला येऊन टेकला होता, हात लावता येईल इतका जवळ.

"किती मळलीय गं," काकू म्हणाल्या. "हं, काढ नारळ."

मी नारळ काढला नाही. म्हणाले, "काकू, माझे हात चालणार नाहीत."

"का? अडचण आहे का?"

"नाही. मयुरेश आणि मी... घटस्फोट झाला. मार्चमध्ये कागद आले. दोन वर्षं झाली, तो येत नाहीये."

वारा एवढा होता की मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. मी सांत्वनाची तयारी करून उभी होते, आणि मला नेमकं तेच नको होतं.

"म्हणजे दोन वर्षं तू घरी एकटी जेवतेस?"

"हो."

"आणि कारली?"

"काय?"

"दर रविवारी मी त्याच्यासाठी कारल्याची भाजी देत होते. ती कोण खात होतं?"

"मी."

"तुला आवडतात?"

"बघवत नाहीत, काकू."

काकूंचा चेहरा आधी रागानं लाल झाला. एवढा राग मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "मूर्ख मुली," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं! अगं, तोंडानं सांगता येत नव्हतं? मी तिकडे बसून कारली पिळतेय आणि ही इकडे..." आणि वाक्य अर्धं टाकून त्या हसायला लागल्या. कुड्या हलेपर्यंत हसल्या. "नवऱ्याच्या नावानं दोन वर्षं कारली खाल्लीस! वटसावित्रीचा उपास बरा गं याच्यापुढे!" मलाही हसू फुटलं, आणि मग हसता हसता रडू आलं, जे मी कोर्टातही रडले नव्हते. काकूंनी रेनकोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि माझं नाक पुसलं. सवयच ती.

मग त्या समोरच्या बर्फाकडे बघत राहिल्या.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"तेच बघतेय. मी अशी, तू तशी. हिला सवाष्ण आणायची कुठून?"

तेवढ्यात मागून बूट वाजले. फ्राऊ लिंडेमान आम्हाला बोलवायला आल्या होत्या. माझ्या हातातली पिशवी आणि त्यातून डोकावणारी शेंडी त्यांनी पाहिली. "फ्राऊ लाटा, इथे काही ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. बसमधल्या सगळ्यांसारख्या त्याही आता फ्राऊ लाटाच म्हणत होत्या.

काकू त्यांच्याकडे वळल्या आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "काही राहणार नाही. आमच्याकडे बाई घरातून निघाली की तिला द्यायची ही वस्तू असते. द्यायची, आणि प्रसाद म्हणून परत घ्यायची. तुम्ही इतकी वर्षं हिच्याकडे येता. हिला निरोप नको का द्यायला?"

फ्राऊ लिंडेमान यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, "पाच मिनिटं." आणि गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या.

काकूंनी मला हात पुढे करायला सांगितला. नारळावर आधी माझे हात, वर त्यांचे. "एकीचे चालत नसतील तर दोघींचे मिळून चालतील," त्या बर्फाला म्हणाल्या, अगदी मराठीत, वाईच्या घाटावर बोलावं तशा. "तू तरी कुठे सवाष्ण का ते विचारून पाणी दिलंस?" आम्ही नारळ बर्फाला टेकवला. खण टेकवला. तांदळाची पुरचुंडी न सोडताच टेकवली, कारण मागे फ्राऊ लिंडेमान होत्या. माझे हात गारठून लाकूड झाले. सहज मागे पाहिलं, तर त्या वाऱ्यात फ्राऊ लिंडेमान यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

मी परत घेतलेला नारळ हातात धरून उभी होते आणि एकदम माझं डोकं फिरलं. काकूंनी सगळ्यांच्या ओट्या भरायच्या, बर्फाचीसुद्धा, आणि स्वतः वड्या थापायच्या!

"काकू, पदर करा."

"माझा? अगं, वेडी का काय, मला नको..."

"पदर करा म्हणते ना! हात गारठलेत माझे."

मी ओरडले असणार, कारण टेकाडावरच्या न्यायाधीशांनी वळून पाहिलं. काकूंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग हळूच लाल रेनकोटाचं टोक दोन्ही हातांनी पसरून पुढे धरलं. मी त्यात नारळ ठेवला, खण ठेवला, पुरचुंडी ठेवली. काकू त्या ओटीकडे बघत राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते, म्हणून मी पुसलं. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते माझ्या सख्ख्या आईबद्दलही कधी वाटलं नव्हतं. हे लिहिताना जरा अवघड वाटतं, पण आहे ते आहे.

मला वाटलं होतं, झालं, सुटला तिढा. कसला सुटतोय! परत आल्यावर नारळाच्या वड्या झाल्या, सहलीचं प्रशस्तिपत्रक संडासात लागलं, आणि काकू म्हणाल्या, "तिथलं वेगळं गं. तिथे कुणाचा सण बिघडत नव्हता." माझे रविवारचे डबे दोनाचे एक झाले, त्यात कारलं नसे, पण डबा घेताना आता दोघींनाही काय बोलावं कळत नसे. मी ऑक्टोबरमध्ये मंडळातल्या शुभाला माझी बातमी सांगितली. शुभाला सांगितलं की मंडळाला वेगळं कळवावं लागत नाही. व्हायचं तेच झालं, बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या.

जानेवारीत मी हळदीकुंकवाला जाणारच नव्हते. काकूंचा फोन आला, "हॉलवर लवकर ये, तीळ भाजायचेत." गेले. मंगळसूत्र घातलं नाही. बायका जमायला लागल्या, बाहेर पैठण्यांची सळसळ, अत्तराचा वास. कुणी मला काही म्हणालं नाही. मीच ठरवलं होतं. मी ॲप्रन बांधला, ओट्याशी काकूंच्या शेजारी उभी राहिले आणि वड्यांचं ताट पुढे ओढलं.

काकू लाटणं फिरवत होत्या. थांबल्या. "तू इथे काय करतेस? बाहेर कुंकू लावायला घेतलं त्यांनी."

"तुम्ही करता तेच करतेय. उगाच एखादीच्या मनात किंतू नको."

हे मी त्यांना टोचायला म्हटलं नव्हतं. खरंच मनात होतं ते बोलले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या, माझ्या ॲप्रनकडे, ताटाकडे, बाहेरच्या दाराकडे. स्वतः तिथे उभं राहणं त्यांना जमलं होतं. मला तिथे उभी बघणं जमेना. त्यांच्या तोंडावर पुन्हा तो तळ्याकाठचा राग आला.

त्यांनी हात धुतले. ॲप्रन सोडून खुंटीला टांगला. मग माझ्या ॲप्रनकडे बोट दाखवलं, आणि मी तो सोडला. माझं मनगट धरून त्या मला हॉलमध्ये घेऊन आल्या, शुभाच्या हातातून करंडा घेतला आणि सगळ्यांसमोर माझ्या कपाळावर कुंकू लावलं. बोट अजून वड्यांच्या तुपानं ओशट होतं. मग करंडा माझ्यापुढे धरून त्यांनी आपलं कपाळ पुढे केलं.

"लाव," म्हणाल्या. मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी लावलं. जरा जास्तच लागलं. मग शुभा पुढे येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी कुणीतरी, आणि काकू एकेकीला कुंकू लावायला लागल्या, इतक्या वर्षांचा खाडा पडलाच नसल्यासारख्या. मी बाजूला सरकायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"रविवारी भेंडी करते," त्या म्हणाल्या. "डबा आणू नकोस. जेवायलाच ये."